नाशिकचा जुना बाजार : रामकुंडावरून परत फिरू नका, पूल ओलांडा

नाशिकला जाणाऱ्यांचं सगळं ठरलेलं असतं. रामकुंड, काळाराम, सीता गुंफा, पंचवटीत कुठेतरी मिसळ, मग त्र्यंबक, आणि हल्ली बऱ्याच लोकांचं द्राक्षाच्या मळ्यात जाऊन वाईन पिणं. गोदावरीच्या समोरच्या काठावर काय आहे हे कुणाच्या गावीही नसतं. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, हुंडीवाला लेन, बोहोरपट्टी, मेनरोड, रविवार कारंजा, हा सगळा जुना नाशिकचा पट्टा रामकुंडावरून चालत काही मिनिटांवर आहे आणि माझ्या मते देवदर्शन उरकल्यावरचा अर्धा दिवस तिथे घालवला नाही तर नाशिक अर्धंच बघितलं. मी मावशीबरोबर गेले होते, तिला पितळेची समई घ्यायची होती आणि दोन जुनी पातेली कल्हईला, म्हणजे आतून कथलाचा थर चढवायला, द्यायची होती, त्यामुळे आमची खरेदी खरीखुरी होती, नुसतं फोटो काढत फिरणं नव्हतं. आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका दुकानाचा नाही, अख्ख्या बाजाराचा आहे.

पहिली गोष्ट, गाडी घेऊन आत शिरू नका म्हणजे नकोच. गल्ल्या पेशवाईतल्या आहेत, तेव्हा फार तर बैलगाडी नाहीतर पालखी जात असेल, आता त्यातूनच ॲक्टिवा, हातगाडी, टेम्पो, केळीवाला, मधेच बसलेली गाय आणि मोबाईलवर बोलत चालणारी माणसं असं सगळं एकदम जातं. शालीमारच्या बाजूला कुठेतरी गाडी लावा आणि चालत या, किंवा सीबीएस म्हणजे मुख्य एसटी स्टँडवरून रिक्षा करून रविवार कारंज्याला उतरा. ट्रेनने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा की नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, तिथून सिटीलिंकच्या बस आहेत, शेअर रिक्षा पण मिळतात.

बहुतेक लोक रविवार कारंज्यावरून सुरुवात करून खाली नदीकडे उतरतात. मी उलटं सुचवेन. घाटावरून सुरू करा आणि वर चढत या. कारण हा बाजार नदीने घडवलाय आणि ते खालून वर येतानाच कळतं. घाटावर आधी दुतोंड्या मारुती बघून घ्या, दोन्हीकडे तोंड असलेली ती उंच मूर्ती. नाशिककरांचं पुराचं माप म्हणजे हा मारुती. धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत येतं, पण गावात विचारतात ते "दुतोंड्याच्या कुठवर आलंय?" पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, बुडाला. पलीकडे नारोशंकराचं मंदिर, अठराव्या शतकातलं, त्याच्या पुढच्या बाजूला ती प्रसिद्ध घंटा, 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तिथली पोर्तुगीजांची घंटा म्हणून सांगतात. पाणी घंटेपर्यंत गेलं म्हणजे पूर खराच मोठा.

आता हे बाजाराच्या रिव्ह्यूमध्ये कशाला, तर पाणी वाढलं की घाट ओलांडून ते सरळ भांडी बाजारात आणि सराफ बाजारात येतं. 1969 चा महापूर म्हातारी माणसं अजून काढतात, आणि आत्ताचं म्हणाल तर 2 ऑगस्ट 2016 ला आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये परत या गल्ल्यांमध्ये पाणी होतं. हे माहीत असलं की दुकानांकडे बघायची नजरच बदलते. ओटे एवढे उंच का, आतल्या फळ्या थेट आढ्यापर्यंत का, जड माल खाली आणि भारीतला माल वर का, पैशाच्या गल्ल्याच्या मागे माळ्यावर जायला एवढा सोयीचा जिना का. एका दुकानात मावशीने सहज विचारलं, पावसाळ्यात काय करता हो तुम्ही, तर काका म्हणाले, "काय करणार ताई, गंगापूर धरणाचं पाणी सुटलं कळलं की पोरं माल वर चढवतात. पितळेला पाण्याचं काही नाही, धुऊन घेतलं की झालं. वह्या आणि खोके तेवढे वाचवायचे." असं म्हणाले जसं काही दारात पाहुणेच येणारेत.

भांडी बाजार. माझ्या मते या अख्ख्या भागाचा खरा जीव इथे आहे आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी आजची नाहीत, 1883 च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये सुद्धा त्यांची दखल आहे, आणि तांबट मंडळींची वस्ती इथल्या गल्ल्यांना नाव देऊन गेलीय. दुकानाबाहेर हंडे, कळश्या, घंगाळी एकात एक घालून रचलेली, वर दोरीला लोट्या आणि पळ्यांचे झुबके, आत देवपूजेचं सामान, ताम्हण, पंचपात्र, निरांजनं, घंटा, आणि कोपऱ्यात एखादा बंब, जो आता कुणी पाणी तापवायला घेत नाही, फार्महाऊसच्या दारात ठेवायला घेतात. चालेल, निदान वितळवला तरी जात नाही.

इथे भांडं वजनावर मिळतं हे लक्षात ठेवा. म्हणजे भाव किलोचा, वर मजुरी, कधी मजुरी भावातच धरलेली. त्यामुळे "हे केवढ्याला" असं विचारण्यापेक्षा "आज पितळेचा भाव काय आणि मजुरी वेगळी का" असं विचारा, समोरचा माणूस लगेच सावरून बसतो. आणि त्याच वेळी कुठला माल इथे ठोकलेला आणि कुठला बाहेरून आलेला तेही विचारून घ्या. बराचसा माल आता मुरादाबादकडचा मशीनचा असतो, त्यात काही वाईट नाही, पण भाव हातकामाचा लावत असतील तर बोला. हाताने मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा एकसारख्या वाटल्या तरी जवळून पाहिलं की थोड्या पुढेमागे असतात, बोट फिरवलं की कळतं, शिवाय आतल्या बाजूला पण त्याचा अंदाज येतो. साच्यात दाबून काढलेल्या नक्षीचा ठोका अगदी मापात असतो. ठोकल्याने पत्रा घट्ट होतो, म्हणून मठारलेलं पातेलं पातळ असलं तरी लवकर पोचे पडत नाहीत, नुसतं दिसायला म्हणून ते काम नसतं.

समई घेताना मावशीने जे केलं ते मी बघून शिकले. समई सुटी होते, बैठक, दांडा, वरची वाटी, सगळं आट्यांवर बसतं. तिने पहिल्यांदा ती पूर्ण सोडवायला लावली. आटे स्वच्छ आहेत का, दांडा परत बसवल्यावर सरळ राहतो का, काचेच्या काउंटरवर ठेवून डुगडुगते का, आणि वरच्या वाटीला तळाशी कुठे बारीक छिद्र बुजवलेलं आहे का. शेवटचं तर माझ्या डोक्यात सुद्धा आलं नसतं, पण ओतीव कामात अशी छिद्रं राहतात, ती बुजवून पॉलिश मारतात आणि मग घरी रात्रभर तेल झिरपत बसतं. दुकानदाराने काही न म्हणता वाटीत पाणी भरून कागदावर ठेवली. कागद कोरडा राहिला, समई घेतली. पहिल्या दोन नाकारल्या तेव्हा पण तोंड वाकडं केलं नाही, हे मला फार आवडलं.

मोडीचं पण विचारा. घरात आजीच्या काळातली फुटकी कळशी, चेपलेला तांब्या असेल तर मोड म्हणून घेतात आणि नव्यात वजा करतात. मोडीचा भाव नव्यापेक्षा कमीच असणार, तो किती कमी ते दुकानागणिक बदलतं, त्यामुळे तीन-चार ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका. आणि मोडीत द्यायच्या आधी वस्तू नीट बघा बुवा. आमच्यासमोर एका बाईंनी सुंदर जाड पितळी डबा मोडीत टाकला, त्याचं झाकण तेवढं चेपलेलं होतं. माझाच जीव खालीवर झाला.

कल्हईबद्दल थोडं जास्त लिहिते कारण हल्ली लोक हौसेने पितळी पातेली घेतात आणि मग आमटी कळकली म्हणून तक्रार करतात. पितळेत किंवा तांब्यात ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू काहीही आंबट गेलं की ते कळकतं, ते खाणं बरं नाही. म्हणून आतून कल्हई. आमची पातेली ज्याने केली त्याने आधी ती आतून घासून पार गुलाबीसर काढली, मग भट्टीवर धरली, भांडं पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकली, भसकन पांढरा धूर, नाकात झणझणतं, मग कथलाची कांडी आतल्या तापलेल्या पृष्ठभागाला नुसती टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवलं. बघता बघता अख्खं पातेलं आतून चंदेरी. लगेच पाण्यात, चर्रर्र. एक पातेलं काही मिनिटांचं काम, पण हात एवढा सराईत की कुठे थेंब साठलेला नाही, कडेला ओघळ नाही. त्याने बजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून विसरायचं नाही. कथील 232 अंशाला वितळतं, पाणी किंवा तेल नसेल तर गॅसवर भांडं तेवढं तापायला वेळ लागत नाही. आणि तारेच्या घासणीने घासायचं नाही, नारळाची शेंडी किंवा मऊ स्पंज. वापर रोजचा असेल तर वर्षातून एकदा तरी कल्हई लागतेच, आतून पितळ डोकवायला लागलं की समजायचं.

नाराजीची गोष्ट पण याच भागातली. एका दुकानात, नाव नाही घेत, "अँटिक" म्हणून अडकित्ते, पानाचे डबे, दौती असं सगळं मांडलेलं होतं. हिरवट-काळपट रंग चढवलेला. मावशीने पानाचा डबा उचलून आतलं बिजागर बघितलं, बिजागराची तार चकचकीत नवीकोरी. "पन्नास वर्षांपूर्वीचा आहे" म्हणत होता माणूस. भाव साध्या डब्याच्या तिप्पट. जुनं म्हणून घ्यायचं असेल तर बाहेरच्या रंगावर जाऊ नका, बिजागरं, कडा, तळ, जिथे रोज हात लागतो त्या जागा बघा. झीज तिथे असते. बाहेर एकसारखा काळपटपणा आणि आत नवा पत्रा असेल तर तो काळपटपणा बाटलीतून आलाय.

सराफ बाजार पुढेच. नाशिकची चांदी नावाजलेली आहे आणि चांदीच्या वस्तूंची दुकानं भरपूर, निरांजनापासून पैंजणापर्यंत. मी सोनं घेतलं नाही, त्यामुळे जास्त ज्ञान पाजळत नाही. एवढंच की जुन्या पेढीवर गादीवर बसून, समोर तराजू, असा व्यवहार बघायला छान वाटतो, पण सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयुआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख नंबर, आहे का ते बघाच, 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही, आणि तो नंबर बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. पेढी कितीही जुनी असली तरी. लाजायचं काही नाही, चांगला सराफ स्वतःहून दाखवतो. घडणावळ मात्र बोलून कमी होते, न बोलता होत नाही.

इथेच सरकारवाडा आहे. पेशवाईतला वाडा, दगडी जोतं, वर लाकडी काम, राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. बाजाराच्या गर्दीत अर्ध्या लोकांना दिसत पण नाही कारण समोर फुलवाले, गाड्या, सगळं. उघडा असेल तर आत जाऊन या. मुघलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलांची नगरी, आणि अजूनही या भागात सकाळी झेंडू-शेवंतीच्या राशी पडलेल्या दिसतात, तेव्हा तेवढ्यापुरतं ते नाव पटतं. दुपारनंतर त्याच फुलांचा चिखल होतो तेव्हा नाही पटत.

मेनरोडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कपडे, चपला, बांगड्या, मोबाईलचे कव्हर, जे कुठेही मिळतं तेच. साड्यांची जुनी दुकानं चांगली आहेत, लग्नाचा बस्ता बांधायला आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक अजून इथेच येतात आणि तुम्ही पैठणी विचारली की गादीवर वीस साड्या उलगडून टाकतात, घेतली नाही तरी चहा येतो. पण पैठणीच घ्यायची असेल तर येवला याच जिल्ह्यात आहे, विणकराकडे जा. लग्नसराईत आणि दिवाळीआधी मेनरोडवर पाऊल ठेवायला जागा नसते, लहान पोरं बरोबर असतील तर टाळाच.

त्यापेक्षा आतल्या गल्ल्या फिरा. हुंडीवाला लेन, कापड पेठ, तिवंधा. वाडे पडून मध्ये मध्ये बिल्डिंगा झाल्यात, पण एखादा दिंडी दरवाजा, लाकडी कोरीव खांब, वरच्या मजल्यावरचा सज्जा अजून दिसतो. तिवंध्याला आणि जुन्या तांबट लेनमध्ये चालताना पायाखाली काय आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. रस्त्याच्या खाली रहाडी आहेत. रहाड म्हणजे दगडी बांधकामाचा मोठा हौद, पेशवाईपासूनचा, वर्षभर बंद करून वरून वाहतूक चालू, आणि रंगपंचमीला उघडून त्यात रंग कालवतात, आणि माणसं वरून उडी मारतात, त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तो म्हणे कितीतरी दिवस अंगावरून जात नाही. धुळवडीला नाशिक शांत आणि पंचमीला वेडं, त्यामुळे रंगपंचमीच्या दिवशी खरेदीला म्हणून या भागात जाल तर खरेदी राहू द्या, कपडे पण घरी जाणार नाहीत धड.

खायचं काय. मिसळ पंचवटीत आधीच हाणली असेल तर जुन्या गावात बुधा हलवाईची जिलेबी, सायंताराचा साबुदाणा वडा, आणि घरी न्यायला चिवडा, कोंडाजी म्हणा किंवा भद्रकालीकडचा माधवजींचा म्हणा, यावरून नाशिककरांमध्ये भांडणं लागतात, मी मधे पडत नाही, दोन्ही घ्या. साबुदाणा वडा गरम असतानाच खा, पिशवीत घालून हॉटेलवर नेला की त्याचा चेंडू होतो. जिलेबी मात्र मला थोडी जास्तच गोड वाटली, मावशी म्हणाली जिलेबी गोड नसेल तर काय तिखट असणार का. बरं.

गैरसोयी. बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, आम्ही शेवटी एका हॉटेलात चहा मागवला तो त्याचसाठी. फुटपाथ नावाला, त्यावर दुकानांचा माल. रस्ते कुठे ना कुठे खणलेलेच असतात, आणि 2027 ला सिंहस्थ आहे म्हटल्यावर ही खोदाखोदी एवढ्यात थांबेल असं मला वाटत नाही. गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवा, घाटावरून वर येताना चढ आहे आणि वाटेत बसायला जागा नाही, दुकानाच्या ओट्यावरच बसायचं, पण कुणी उठवत नाही, उलट सरकून जागा देतात.

शक्यतो सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा दुकानदार निवांत असतो, भाव नीट सांगतो, चार गोष्टी बोलतो. संध्याकाळी त्याला वेळ नसतो आणि तुम्हाला उभं राहायला जागा नसते. बुधवारी गेलात तर घाटाकडे आठवडे बाजार भरतो, भाजी, धान्य, सुकी मच्छी, सगळं, गर्दी जास्त पण मजा पण जास्त. भर पावसात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागलेली असताना, जाऊच नका, दुकानदार तेव्हा माल विकायच्या नाही, वाचवायच्या गडबडीत असतो.

स्टार द्यायचेच तर भांडी बाजाराला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या अँटिकवाल्यामुळे कापला. सराफ बाजार चार, मेनरोड अडीच, खाणं चार, चालण्याची सोय एक, तोही दया म्हणून. जड सामान घेतलंत तर दुकानदाराला गोणपाटात शिवून द्यायला सांगा, पुठ्ठ्याच्या खोक्यात समईचा दांडा वाकतो. आमचं त्याने शिवून दिलं, वरून मावशीच्या हाती एक छोटी पळी ठेवली, वजनात न धरता.